जानरावानं नेलेली कडू भाकर

काकाच्या तेरवीला पंगत बसलेली आणि वाढणारा पुतण्या गायब, यावरून धाड गावात दोन भावांचं चांगलंच जुंपलं होतं. थोरला गोकुळ म्हणाला, "काका गेला आपला, अन् तू कंपनीच्या गोऱ्या सायबायले शेडनेट दाखवत फिरून राह्यला. कंपनी तुही सोयरी लागते काय बे?"

धाकटा जानराव म्हणाला, "सोयरी काऊन? घरचीच हाय."

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांनी ते न ऐकून जावं कुठं?

कंपनी सातासमुद्रापलीकडची. शेडनेटच्या जाळीखाली बायकांकडून मिरचीचं बियाणं करून घ्यायची, आणि ते नीट होतं का हे पाहायला जानराव. दर साली एक टी-शर्ट मिळे, पाठीवर छापलेलं: आपण एक कुटुंब. माणूस भोळा, पाठीवरचं छातीत उतरवून बसला. तिथली रीत अशी की साहेबाला साहेब म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. साहेब हरिओम, जानरावाच्या पोरीच्या वयाचा; पण नुसतं हरिओम काही तोंडातून निघेना. शेवटी 'हरिओमभाऊ'वर तडजोड झाली.

यंदा हिवाळ्यात बातमी आली की माणसं कमी करणार, शेडनेट आता फोटोवरूनच तपासतील. जानरावाची झोप उडाली. पन्नाशी ओलांडलेली, दुसरं काम येत नाही. आणि नेमके त्याच आठवड्यात हरिओमचे वडील वारले.

कंपनीच्या ग्रुपवर सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले. जानराव उठून टोपी शोधू लागला. त्याची बायको रेणुका म्हणाली, "आत्ता नका जाऊ. नोकरी वाचवाले आला म्हंतीन."

"मयतीले मुहूर्त पाहून जातेत काय?"

तिनं कपाळाला हात लावला आणि त्याच हातानं पीठ मळलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. भाकर आपल्या माणसानं न्यायची. तिलाच कडू भाकर म्हणतात.

एसटीनं संभाजीनगर गाठलं. हरिओमच्या बिल्डिंगच्या वॉचमननं वर फोन लावला. हरिओम स्वतः खाली आला, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. फडक्यातलं पिठलं-भाकर पाहून त्याचा हात पुढं आलाही. मग मागं गेला.

"जानराव, या आठवड्यात नावं ठरतायत. तुमच्याकडून काही घेतलं तर वर कळवावं लागतं. नियम आहे."

"भेट नाई हे, हरिओमभाऊ. कडू भाकर हाय."

"माहीत आहे मला," हरिओम म्हणाला आणि लिफ्टकडे वळला.

अशी भाकर माघारी घरात आणत नाहीत. स्टँडवर एका कुत्रीपुढं त्यानं फडकं सोडलं. तिनं काही नियम विचारला नाही.

पुढं मोबाइलवर बैठक झाली. कुटुंबातही कधी अवघड निर्णय घ्यावे लागतात, असं हरिओम खाली पाहत म्हणाला. जानरावाची जागा गेली. गावात कोणी म्हणालं भाकरीमुळं गेली, कोणी म्हणालं जाणारच होती. गोकुळ बैलाला पाणी पाजत राहिला.

शेवटच्या दिवशी सकाळी जानरावानं नराच्या फुलांची पावडर, म्हणजे पराग, डबीत भरून पलीकडच्या गावात बियाणं करणाऱ्या तानुबाईच्या शेडनेटवर नेली. त्याची जागा गेल्याचं तिला अजून ठाऊक नव्हतं. दाराशी औषधाच्या पाण्यात पाय बुडवून तो आत गेला, डबी तिच्या हाती दिली, दोन ओळी पाहिल्या, हातानं पराग न लावता आपोआप धरलेलं एक फळ खुडून टाकलं. निघताना रोजच्यासारखं म्हणाला, "ऊन चढाच्या आत लावून घ्या, बाई," आणि बाहेरून जाळीच्या दाराची चेन ओढून घेतली.