आत्याची दहा मिनिटांची परीक्षा

आमची आत्या दवाखान्यात नर्स आहे, पण तिचा जीव अडकलाय लशींच्या फ्रिजमध्ये. दवाखान्यापर्यंत वीज पोहोचलेली नाही, त्यामुळे फ्रिज सोलरच्या बॅटरीवर चालतो. रोज सकाळी पॅनेलवर ऊन पडण्याआधी आत्या बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर वहीत टिपते. नवऱ्याचा तापही तिने इतक्या निष्ठेने कधी मोजलेला नाही.

आठवडाभर आकडे घसरले, तशी तिने सोलर कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं. तो उगवला भर दुपारी. मीटर पाहून म्हणाला, "चौदा व्होल्ट! मावशी, बॅटरी ठणठणीत आहे."

"अरे बाबा, उन्हाच्या जोरावर फुगलाय तो आकडा. पाहुणे आले की आमचे हेही असेच ठणठणीत दिसतात. पॅनेलचं बटण बंद कर आणि दहा मिनिटं गप्प बस."

तो बसला. फ्रिज पाच अँपिअर खेचत होता. चौदाचे बारा झाले, बाराचे अकरा; चांगली बॅटरी दहा मिनिटांत एवढी उतरत नाही. इंजिनिअरचा चेहराही त्याच वेगाने उतरला.

संध्याकाळच्या आत नवी बॅटरी बसली. एकही लस वाया गेली नाही.

"मावशी, वहीचा फोटो काढू? आमच्या नव्या पोरांना दाखवतो."

"काढ की. आधी हात धू."

तेव्हापासून ती माझी सख्खी आत्या असल्याचं मी कुणी न विचारताच सांगत सुटतो.