गव्हाणीपाशी झांजा

झांजा वाजवायला अक्कल लागत नाही, असं माझं लहानपणापासूनचं मत होतं. या मताला तडा गेला तो इंग्लंडमध्ये, पिनरच्या एका चर्चमध्ये, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, भर गर्दीत.

२००६ सालची गोष्ट. मी आणि माझी बायको मेधा पुण्याहून माझ्या कंपनीच्या कृपेने पिनरला येऊन पडलो होतो. दोन घरं पलीकडे रूथ साळवे राहायची. मूळची नगरची, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, आणि मराठी आमच्यापेक्षा शुद्ध (मेधाच्या मते, "तुझ्यापेक्षा म्हण, मला कशाला ओढतोस?"). दिवाळीला तिने आमच्याकडे यायचं आणि नाताळला आम्ही तिच्याकडे जाऊन करंज्यांचा डबा रिकामा करायचा, असा आमचा करार होता. करारातला माझा भाग मी कधीही चुकवलेला नाही.

त्या वर्षी रूथची आई पहिल्यांदाच इंग्लंडला आली. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. नगरच्या शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांचे यजमान, साळवे गुरुजी, त्याच उन्हाळ्यात गेले होते. गुरुजींनी तरुणपणी नाताळसाठी एक भजन रचलं होतं आणि तिकडच्या चर्चमध्ये ते दर नाताळला व्हायचं. पेटीवर गुरुजी, गायला मावशी. आता गुरुजींशिवायचा हा पहिलाच नाताळ. मावशींचं मागणं एकच होतं, भजनात खंड पडता कामा नये, मग देश कुठलाही असो.

रूथने चर्चच्या विकरला, म्हणजे तिथल्या पाळकाला, विचारलं. विकर भला माणूस. त्याने कॅरल सर्व्हिसमध्ये दोन गाण्यांच्या मध्ये जागा करून दिली. रूथ आनंदाने घरी आली, तर मावशींचा पहिला प्रश्न, "टाळ कुठायत?"

"आई, तिथे पियानो आहे ना."

"असू दे की. टाळाशिवाय भजन म्हणजे फोडणीशिवाय आमटी."

ढोलकीची सोय झाली. आमचा मित्र प्रशांत वॉटफर्डला राहायचा. नागपूरचा, घरचा बौद्ध, जयंतीच्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवून हात तयार झालेला. तो ढोलकीसकट आला. टाळ मात्र सापडेनात. शेवटी माझ्यातला परोपकारी माणूस जागा झाला आणि मी म्हणालो, "आमच्या लॉफ्टमध्ये गणपतीच्या सामानात झांजा आहेत."

"टाळ वेगळे, झांजा वेगळ्या," मावशी म्हणाल्या.

"आवाज तोच की हो मावशी!"

मावशींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. (नापास होणारं पोर त्यांना आधीच ओळखू येत असावं.) पण अडला हरी! झांजा माझ्या म्हणून वाजवणाराही मीच ठरलो.

तालीम रूथच्या बैठकीच्या खोलीत सुरू झाली. भजन संथ होतं. 'गव्हाणीच्या गवताला राजाचा वास' अशी सुरुवात, मग आईने बाळाला निजवणं वगैरे. पहिलं कडवं छान जायचं. दुसऱ्यात माझे हात जरा सैल व्हायचे. तिसऱ्यात बाळ, आई, मेंढपाळ सगळे धावत सुटायचे!

"मंदार, अरे बाळ निजलंय!" मावशी ओरडायच्या. "तू त्याला उठवतोयस!"

"तू पळून काऊन राहिला बे?" प्रशांत विचारायचा. "गाडी सुटून राहिली का तुझी?"

"त्याला एकच गती येते," मेधा सोफ्यावरून करंजी खात म्हणायची. "आरतीची. लग्नाला आठ वर्षं झाली, दुसरी ऐकली नाही मी."

तिसऱ्या तालमीला रूथचे शेजारी, एक सभ्य गृहस्थ, दारात येऊन अदबीने विचारून गेले, "बॉयलर बिघडलाय का? माझ्या ओळखीचा चांगला प्लंबर आहे."

त्या दिवशी निघताना रूथने मला दारात गाठलं. "मंदार, आई इथे आल्यापासून नीट जेवत नाहीये. या भजनावर तिचा जीव आहे. नीट वाजव रे, प्लीज."

"तू काळजीच करू नकोस," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं आहे, त्या त्या वेळी समोरच्याने काळजी करायला हवी होती!

नाताळच्या आदल्या दिवशी चार वाजताच अंधार पडला. चर्च गच्च भरलेलं. मावशी पांढऱ्या रेशमी साडीवर रूथचा जाडजूड कोट घालून आल्या होत्या, तो त्यांनी आत शिरल्यावर काढून मेधाकडे दिला. मेधा तिसऱ्या बाकावर बसली. पुढे गव्हाणीचा देखावा मांडला होता, त्याच्या एका बाजूला मावशी आणि रूथ, दुसऱ्या बाजूला प्रशांत, आणि मी मावशींच्या अगदी शेजारी. म्हणजे हाताच्या अंतरावर असावा, अशी त्यांचीच सूचना होती.

पहिलं कडवं झालं. सुरेख! मी जेमतेम झांजा टेकवत होतो. दुसरंही निभावलं. आणि मग घात झाला. चर्चमधल्या मंडळींना ठेका आवडला आणि ती टाळ्या वाजवायला लागली!

आता मला सांगा, हातात झांजा आहेत, समोर दिवे लागलेत, माणसं ठेक्यावर टाळ्या वाजवतायत. पुण्यात वाढलेल्या माणसाने काय करावं? माझे हात सुटले. टाळ्या वाढल्या. टाळ्या वाढल्या म्हणून मी वाढलो, मी वाढलो म्हणून ढोलकी वाढली. रूथ शब्द गिळत धापा टाकत गात होती. मावशी डोळे वटारत होत्या, पण माझं लक्ष होतं कुठे! शेवटची ओळ आम्ही अशी काही संपवली की बाळ निजणं सोडाच, आख्खं बेथलेहेम उठून बसलं असेल. मी दोन्ही झांजा डोक्यावर नेऊन खणकन आपटल्या, आणि पुढचं मी मुद्दाम केलं नाही हो, शप्पथ! हात वर गेले की तोंड आपोआप उघडतं, वर्षानुवर्षांचं वळण आहे ते.

"गणपती बाप्पाऽऽ!"

"मोरयाऽऽ!"

उत्तर दोन ठिकाणांहून आलं. एक तिसऱ्या बाकावरून. आणि दुसरं, जास्त खणखणीत, थेट माझ्या कानाशी. मावशींकडून!

प्रशांत ढोलकीची दोरी तपासायला लागला. मेधाने हातातल्या कोटात तोंड लपवलं. विकर मात्र हर्षभरित होऊन पुढे आला. "वंडरफुल! हे तुमचं आमेन का? आपण सगळ्यांनी मिळून म्हणू या?" मंडळींनी हातातले कागद खाली ठेवले आणि ती तयारीत उभी राहिली. मागून कुणीतरी "मोर्रिया" असं करून पाहिलंसुद्धा!

मी रूथकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. इतका वेळ मला नुसती लाज वाटत होती, आता मी वर गेलेल्या झांजा हळूच खाली घेतल्या. एका बाईने नवऱ्याची एक आठवण सातासमुद्रापार जपून आणली होती आणि तिचा मी चिवडा करून ठेवला होता.

तेवढ्यात मावशींनी विकरच्या हातून माइक घेतला. आणि वर्गात बोलावं तशा सावकाश, ठणठणीत इंग्रजीत बोलल्या. त्याचा मराठी मतलब असा:

"नाही, पाळकसाहेब. ते आमेन नव्हे. ते आमच्या शेजाऱ्यांच्या देवाचं. त्यांचा मांडव वर्षानुवर्षं आमच्या दारापुढेच पडायचा, त्यामुळे माझ्याही तोंडातून गेलं. त्यात वाईट काही नाही. पण माझे यजमान मास्तर होते. चुकलेलं गणित ते पुन्हा करायला लावायचे. तर आम्ही पुन्हा करतो."

मग त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. "आण त्या इकडे."

मी निमूटपणे झांजा त्यांच्या हवाली केल्या. चर्चभर हशा पिकला. (अशा गोष्टींना भाषांतर लागत नाही.)

भजन पुन्हा सुरू झालं, संथ, जसं गुरुजींनी बांधलं होतं तसं. प्रशांत नुसत्या बोटांनी वाजवत होता. दुसऱ्या कडव्यात रूथला हुंदका आला आणि ती थांबली, पण मावशी थांबल्या नाहीत. एकट्या गात राहिल्या. सगळ्या चर्चमध्ये तेवढा एकच आवाज. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी मनातल्या मनात म्हटलं. म्हटलं धोका नको.

नंतर मागच्या हॉलमध्ये चहा आणि मिन्स पाय (म्हणजे नाताळची तिकडची गोड करंजीच) होते. प्रशांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, बौद्ध माणूस मी, चर्चमध्ये भजनाले ढोलकी वाजवाले गेलतो, इतकंच घरी समजावून सांगता सांगता नाकी नऊ येनार हायेत. त्यात तुझं हे नवीन!"

मी मावशींपुढे जाऊन उभा राहिलो. "मावशी, माफ करा. गुरुजींच्या भजनाची मी वाट लावली."

मावशी मिन्स पाय खात होत्या. दुसरा. रूथ त्यांच्याकडे बघतच राहिली होती.

"अरे, तिकडे ते भजन वर्षातून एकदाच व्हायचं," मावशी म्हणाल्या. "इथे तुझ्यामुळे दोनदा झालं. गुरुजी असते तर शाबासकी दिली असती तुला." आणि घास गिळून म्हणाल्या, "छडी दिल्यावर."

तेवढ्यात एक इंग्लिश आजीबाई काठी टेकत माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "दुसऱ्या वेळचं फारच सुंदर झालं. पण मला खरं तर पहिल्या वेळचं आवडलं. माझ्या फ्युनरलला तसं वाजवाल का? आमच्याकडची माणसं फार पेंगतात." मी तिथल्या तिथे होकार दिला. कुणी आपण होऊन मला वाजवायला बोलावण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आजीबाई ठणठणीत आहेत. मेधा म्हणते, "त्यांनी तुझ्या झांजा ऐकल्यात. मरायची हिंमत तरी होईल का त्यांची?"