मलमाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं

सकाळचा चहा गाळत होते, तोच दारावर थाप पडली. उघडलं तर शेजारच्या कातरमावशी. तीस वर्षं शिवणकाम करतात, कातर कायम गळ्यात. थाप कोपराने मारली होती, कारण बोटं सोलवटून लाल झालेली.

"वहिनी, चष्मा लावा आणि हे वाचा," म्हणत त्यांनी दोन मलमांची खोकी टेबलावर आपटली.

दीड महिन्यापूर्वी हातावर पुरळ आलं. डॉक्टरांनी मलम दिलं, तर पुरळ वाढलं. मग जास्त ताकदीचं दिलं, आणखी वाढलं. मावशींनी आधी जावेच्या साबणावर संशय घेतला, मग नव्या कापडाच्या रंगावर. माझ्या बेसिनजवळच्या हात धुवायच्या साबणाच्या बाटलीकडेही चोराकडे बघावं तसं बघून झालं होतं. सुई धरवत नव्हती, आणि सुई सुटली की त्यांचं घर अडतं.

"आता मलमावर?" मी हसले.

"हसा! कुठलंही कापड कापण्याआधी मी कोपरा भिजवून बघते, रंग जातो का. तसंच केलं." त्यांनी बाह्या वर सारल्या. चार दिवस डाव्या दंडावर साधी पेट्रोलियम जेली लावली होती, उजव्यावर जास्त ताकदीचं मलम. डावा दंड स्वच्छ होता. उजव्यावर कोटाच्या बटणाएवढा लाल चट्टा.

"म्हणजे औषधच बाधतंय?"

"दोन्हींत औषध वेगळं आहे, केमिस्टला विचारलंय. मग दोन्ही का चावतात? औषधाच्या आडून आत कोण कोण शिरलंय ते वाचा."

वर औषधाचं नाव ठळक होतं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मेण, तेल, मलम टिकावं म्हणून घातलेली रसायनं. त्यातलं एक लांबलचक नाव दोन्ही खोक्यांवर होतं. मी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली.

दुपारी मी मावशींसोबत दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "खाजेच्या मलमानेच खाज कशी येईल, मावशी? हात ओले ठेवत असाल."

मावशींनी दोन्ही दंड पुढे केले आणि मी खोकी. डॉक्टरांनी चट्टा पाहिला, मग रेघ ओढलेलं नाव दोनदा वाचलं.

"होऊ शकतं," ते सावकाश म्हणाले. "या रसायनाची काहींना ॲलर्जी असते. खात्रीसाठी पाठीवर हे रसायन लावलेल्या पट्ट्या चिकटवून तपासावं लागेल."

"तपासा की. तोवर मला हे नाव नसलेलं मलम लिहून द्या."