आधी बंद करा, मग बोलू

“आधी बंद करा, मग बोलू,” ते म्हणाले आणि मी फोन बंद केला.

बंद करायचा होता कॉम्प्युटर. लगेच समोरचं दार उघडलं आणि ते स्वतःच आले. लेंगा, बनियन, हातात टॉर्च, आणि सुतार पेन्सिल खोचतो तसा कानावर स्क्रूड्रायव्हर.

असे एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असतील. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगला हे लाभले होते. निवृत्तीपूर्वी ते ऑफिसात ‘सिस्टीममध्ये’ होते. म्हणजे नेमके कुठे, हे त्यांच्या बायकोलाही सांगता येत नसे. पंप असो, लिफ्ट असो, औषध एकच. एकदा वार्षिक सभेत पार्किंगवरून हमरीतुमरी झाली, तर त्यांनी उठून हॉलचा मेन स्विचच पाडला. अंधारात कोणावर ओरडायचं ते कळेना. लोक चपला चाचपडत घरी गेले. पार्किंगचा प्रश्न अजून तसाच आहे, पण शांत आहे.

आमचं दुखणं वेगळं होतं. जुनी हार्ड डिस्क टकटक वाजू लागली होती आणि तिच्यात माझ्या सासूबाई होत्या. म्हणजे त्यांचे व्हिडिओ. त्या गेल्यावर वैशालीकडे, माझ्या बायकोकडे, त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. म्हणून मी नवी डिस्क आणली. हळद, कुंकू, अक्षता, नारळ, पूजा यथासांग केली. मग यूट्यूबवर बघून ती जोडली, बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण नवी डिस्क काही त्याला दिसेना.

“जुनी आजचा दिवस तरी टिकेल ना हो?” वैशालीने विचारलं.

“वहिनी, घाबरायचं नाही. हा अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे.”

मग तो दमट हवेचा झाला. मग पालीचा. मग त्यांनी अख्ख्या विंगची वीज बंद करवली. वरच्या मजल्यावरच्या आजींची मालिका ऐन साखरपुड्यात गेली. “कोण मेलाऽऽ?” जिन्यातून आवाज आला.

“परब, तुम्ही खाली मीटरपाशी उभे राहा.”

“काय बघू?”

“उभे राहा हो!”

मी मीटरकडे बघत उभा राहिलो, मीटर माझ्याकडे. वीज आली तेव्हा धावत वर गेलो. नवी डिस्क दिसत होती!

“काय झालं होतं?”

“केबल बसली नव्हती,” ते म्हणाले आणि चहा मागितला. पुढे नवी कुठली, जुनी कुठली याची पुन्हापुन्हा खात्री करून त्यांनी नवीला फॉरमॅट केलं आणि सगळं तिच्यात उतरवलं. शेवटी तपासायला एक व्हिडिओ लावला. सासूबाई चुलीपुढे, हातात झारा. “आधी ता बंद कर, मगे सांगतंय!” त्या मोबाइलकडे बघून ओरडल्या.

“बघा,” ते म्हणाले, “यांना कळत होतं.” वैशाली हसता हसता आत निघून गेली. चहा त्यांनी एकट्याने, गार करून प्यायला.

पुढचे काही महिने मी ऑफिसात सांगत होतो की डिस्क मी बसवली.

गेल्या वर्षी ते गेले. त्यानंतर पंप बंद पडला, तेव्हा आम्ही सगळे त्याच्याभोवती गोल करून उभे राहिलो. शहाणपण सगळ्यांनी पाजळलं, स्विचला हात कोणी लावला नाही.

यंदा दसऱ्याला मी कॉम्प्युटरवर वाहायला अक्षता उचलल्या, तर वैशालीने माझं मनगट धरलं.

“नुसतं फूल वाहा रे. तेव्हा नव्या डिस्कच्या केबलच्या खाचेत तुझाच तांदूळ अडकला होता. तुला खाली पाठवून काकांनी माझ्याकडून सुई मागून घेतली आणि काढला. मी म्हटलं, थांबा, येऊ दे वर, चांगली ऐकवते त्याला. तर म्हणाले, ‘वहिनी, आता चालू झालंय ना, मग बोलायचं कशाला?’”