एकसष्ट बटनं आणि मूठभर ज्वारी

साठी येईपर्यंत उकंडा वाढयाच्या, म्हणजे सुताराच्या, हातून निघालेल्या वस्तूला एक तर बैल जुंपला जाई, नाहीतर तिच्यावर माणूस झोपे. पेरणीची तिफण, वखर, डवरा आणि लग्नसराईत पलंग, एवढाच त्याचा पसारा. पुण्याच्या दीपा मॅडमनी मागवलेल्या वस्तूला बैलाची गरज नव्हती आणि तिच्यावर झोपताही येणार नव्हते. तिच्यावर दिवसभर दहा बोटे आपटायची होती.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात राळेगाव तालुक्यात गुलाबी बोंडअळी आली होती. कपाशी वरून हिरवीगार, बोंड फोडले की आत अळी. साहेब लोक आले, त्यांनी बोंडे फोडून पाहिली, अळीचे फोटो काढले आणि अळीला तिथेच ठेवून परत गेले. मग लोकांनी जे जे पुढे ढकलता येईल ते ढकलले: घराचा गिलावा, मुलीचे लग्न, नवी अवजारे. तिफणीला तर ट्रॅक्टरने आधीच पुढे ढकलले होते. त्या उन्हाळ्यात उकंडाच्या पडवीत एकही काम आले नाही.

नागपूरच्या जावयाने मार्ग काढला. एका बिल्डिंगीवर चौकीदाराची जागा होती. त्याने खाकी शर्ट, पँट आणि शिटी आणूनही दिली. पोळा झाला की निघायचे, तोवर काम आले तर पाहू, असे ठरले. कामाची आशा कोणाला किती होती ते यावरून कळेल की हत्यारे बांधायचे पोते मैनाबाईने धुऊन, वाळवून, घडी करून ठेवले होते. ती उकंडाची बायको. तिला कामे वेळेत लागत.

काम आणले निकिताने. ही उकंडाच्या धाकट्या भावाची मुलगी, राळेगावात टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची. क्लासमधले बिघडलेले कीबोर्ड दुरुस्त करता करता तिला मोबाइलवर एक अजब समाज सापडला. हे लोक कीबोर्ड माप देऊन शिवून घेतल्यासारखे बनवून घेत आणि त्याच्या आवाजावर तासन्‌तास चर्चा करीत. त्यांतल्या दीपा मॅडमना लाकडी हवा होता. निकिताने लिहून टाकले, 'माझे मोठेबाबा बनवतात.' हे खरे व्हायला अजून दोन महिने होते.

"लाकडाचा कायले?" उकंडाने विचारले. "प्लास्टिकचे सरले का?"

"आवाज चांगला येते म्हणते, मोठेबाबा."

"मंग पेटी घे म्हणा भजनाची."

"तसा नाई हो! बटन दाबलं का टकटक नाई, टुक असा आला पाह्यजे. खोल."

उकंडा हसला नाही. चाळीस वर्षे तो बोटाच्या पेराने ठोकून लाकूड निवडत आला होता, पण लाकूड कसे बोलते हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. पुण्याची कोणी बाई ते विचारते आहे, याचेच त्याला इतके बरे वाटले की किंमत काढायची राहून गेली. निकिताने विचारले तेव्हा म्हणाला, "सुगीवर काय द्याचं ते दे म्हणा." निकिताने मॅडमना वेगळे काहीतरी सांगितले, हे सर्वांच्याच हिताचे झाले.

लाकूड उकंडाच्या पिढीजात गिऱ्हाइकाच्या, किसनरावांच्या, गोठ्यात होते. उकंडाच्या बापाने केलेली तिफण तिथे मोडून पडली होती. तिची दिंड, म्हणजे ज्यात फण ठोकतात तो आडवा ठोकळा, जुन्या बाभळीची होती. उकंडाने पेराने ठोकली, कान लावला आणि मागितली.

"ने बावा," किसनराव म्हणाले. "चुलीतच घालाची होती. माह्या घरी जयली काय अन् तुह्या घरी जयली काय!"

मग माप आले. निकिता नकाशा घेऊन बसली आणि अडली. एका बटनापासून दुसरे बटन एकोणीस पूर्णांक शून्य पाच मिलिमीटर.

"हे शून्य पाच कुठून मोजू आता?"

उकंडाने आपली घासलेली पट्टी काढली, नकाशावर ठेवली. "सहा सूत."

"काय?"

"सहा सूत. पाऊण इंच. पंधरा बटनाची रांग म्हणजे नव्वद सूत, सव्वाअकरा इंच. यंत्र कोन्या देशाचं?"

"अमेरिकेचं असन."

"मंग तिथल्या वाढयानंही सुतानंच मोजलं. कायले घाबरतं तू?"

त्या न पाहिलेल्या वाढयाबद्दल उकंडाला जन्मभर आदर राहिला. त्याने सुताभर जाडीच्या सागवानी फळीला पटाशीने एकसष्ट चौकोनी भोके पाडली. बाभळीचे खोके कोरले, जवसाचे तेल पाजले. निकिताने आत तारा जोडल्या, प्रत्येक बटन दाबून पाहिले आणि पार्सलसाठी पुठ्ठ्याचे खोके आणायला राळेगावला गेली.

ती गेल्यावर उकंडाने खालचे सहा स्क्रू काढले.

त्याच्या घराण्याचा रिवाज होता. अवजार पडवीतून बाहेर पडताना रिकामे जाऊ द्यायचे नाही. तिफण द्यायची तर चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीत, मूठभर ज्वारी घालूनच. या अवजाराला चाडे नव्हते, पण तारांखाली बरीच पोकळी होती. उकंडाने तिच्यात मूठभर ज्वारी टाकली, हात जोडले, स्क्रू आवळले आणि कीबोर्ड जाड कापडात गच्च गुंडाळून ठेवला. निकिताला सांगायचे त्याच्या मनातही आले नाही. बैलाला दोन शिंगे आहेत हे कोणी कोणाला सांगत नाही.

पोळा बारा दिवसांवर आला तेव्हा पुण्याहून फोन आला. निकिताने स्पीकर लावला.

"दिसायला फारच सुंदर झालाय हो," दीपा मॅडम म्हणाल्या. "पण आत काहीतरी खुळखुळतंय. एखादा स्क्रू सुटलाय का?"

निकिताचे तोंड उतरले. खुळखुळणारा कीबोर्ड त्या समाजात मारक्या बैलासारखा. दावणीला कोणी बांधत नाही.

"स्क्रू नाई जी," उकंडा मागून म्हणाला. "ज्वारी हाये."

पुण्यात मॅडमनी कीबोर्ड पुन्हा हलवला, खुळखुळ इथवर ऐकू आली.

"ज्वारी?"

"मूठभरच. अवजार रिकामं नसते पाठवत."

"मोठेबाबा!" निकिता ओरडली. "हे तिफण होय का?"

"मंग दिंड कायची हाये ते?"

मॅडमनी खोलून ज्वारी काढायचे कबूल केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. त्यांचा आवाज संकोचलेला होता.

"खुळखुळ गेली, पण आता प्रत्येक बटन डब्यावर मारल्यासारखं वाजतंय. मला वाटतं, परतच पाठवते. राग मानू नका."

मैनाबाईने नकळत घडी केलेल्या पोत्याकडे पाहिले. निकिताने डोळे पुसले. उकंडा फोनजवळ सरकला.

"थांबा मॅडम. जरा चालवा बोटं. मले आयकू द्या."

त्याने डोळे मिटले. पुण्यात कोणी काय लिहिले ते त्याला कळले नाही, पण लाकूड काय म्हणते ते कळले.

"पोट रिकामं हाये त्याचं. मूठभर टाकली तं खुळखुळते, काढली तं बोंबलते. चुकी माहीच हाये, मी हात आखडला. गच्च भरा. चाडं गच्च भरलं का तिफण चूप चालते."

"ज्वारीनंच?"

"तुमच्या इकडं भेटत असन तं."

"कडुलिंबाचा सुका पाला टाका म्हणा बाईले," मैनाबाई म्हणाली, "नाई तं दाण्यात सोंडेकिडे होते."

"अन् तारांच्या खाली जाड कागद अंथरा," निकिताने नाक ओढत जोड दिली.

तीन दिवस फोन आला नाही. मैनाबाईने पोते एकदा उन्हात टाकून परत घडी करून ठेवले. चौथ्या दिवशी निकिताच्या मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा आवाज आला, सोबत शब्द एकही नाही. टुक, टुक, टुक टुक. मुरलेला, खोल, भरल्या कोठीवर थाप मारल्यासारखा.

उकंडाने तो सात वेळा ऐकला. "बाबाची बाभूय बोलून राह्यली," म्हणाला आणि उगाच पटाशीला धार लावायला बसला.

संध्याकाळी मॅडमनी लिहिले की तो आवाज त्यांनी आपल्या मंडळींना ऐकवला, आणि तिघांना असाच हवा आहे. भरून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जावई न्यायला आला तेव्हा उकंडा दुसऱ्या फळीच्या चव्वेचाळिसाव्या भोकावर होता. अंगात खाकी शर्ट होता. त्याचे खिसे मोठे असल्याने पेन्सिल आणि पट्टी बरी मावत होती. जावयाने शर्ट ओळखला, पण भला माणूस. चहा घेऊन एकटाच गेला. शिटी मैनाबाईने कोंबड्यांसाठी ठेवून घेतली.

श्रीमंत कोणी झाले नाही. दिवाळीपर्यंत पाच कीबोर्ड गेले. पण नवी ज्वारी आली तशी उकंडाने पायलीभर विकत घेतली, डोक्यावर उचलली आणि किसनरावांच्या दारात नेऊन ठेवली.

"काय बे उकंड्या, हे काय?"

"तुमच्या दिंडीचं, भाऊ."

"अबे, आमच्या बापानं तुह्या बापाले ज्वारी देल्ली, मी तुले देल्ली. ही उलटी गंगा कुठून आणली? मी तुले सरपण देल्लं होतं."

"तुमच्यासाठी सरपण होतं. मले तं तिनं घरी ठेवलं."

किसनरावांच्या कपाशीला या वर्षीही अळी होती. त्यांनी पायली आत नेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आणि नवराबायकोच्या कुजबुजीचा आवाज आला. मग ते बाहेर आले. पायलीत त्या मोडक्या तिफणीचे चाडे होते, काळे पडलेले, उकंडाच्या बापाने कोरलेले.

"हे कोनाड्यात पडलं होतं. ने. रिकामं भांडं कसं परत करू?"

उकंडाने सवयीने ते पेराने ठोकले, कानाशी नेले, आणि प्रथमच एखादे लाकूड कापायचे नाही असे ठरवले. आता ते पडवीतल्या फळीवर असते. पार्सल बांधायच्या आधी ज्वारी त्यातूनच घालतात. गच्च.