पाच पत्रे, एकवार…

आईचा फोन आला तेव्हा मी खराडीच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये होते. "पप्पा गेले," ती म्हणाली. "चहा घेतला, खुर्चीत बसले आणि… तू ये. गाडी हळू चालव." त्याला आता महिना उलटून गेला. पप्पांवर काहीतरी लिही, असं अनेकांनी सांगितलं. पण लिहायला बसले की शोकाचं एक वाक्य जुळेना. कारण पप्पा आठवले की आधी त्यांचा आवाज कानात सुरू होतो, आणि त्या आवाजापुढे माणूस फार वेळ रडत बसूच शकत नाही.

पप्पा मार्केट यार्डात एका कांद्याच्या अडत्याकडे लिलाव पुकारायचे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे. गोण्यांच्या थप्पीवर चढून ते एकदा पुकारायला लागले की शेजारच्या गाळ्यावरचे व्यापारीसुद्धा इकडे सरकायचे. भाव चढायचा तसा आवाज चढायचा, आणि "तीनवार" म्हणताना ते टाचा उचलायचे. घरी मात्र ते इतकं हळू बोलायचे की आई म्हणायची, "सगळा आवाज यार्डात विकून येतात. घरच्यांसाठी काही शिल्लक नाही."

आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. तिला तिरकं बोलायची सवय, आणि त्यासाठी पप्पांनी तिला एक कायमचा विषय दिला होता, तो म्हणजे चर्च. येरवड्यातलं आमचं चर्च लहानसं, दगडी भिंतींचं आणि वर पत्र्याचं. पगार झाला की पप्पा आधी दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, बाजूला काढायचे, मग किराणा. नाताळच्या जेवणाला कांद्याची गोणी त्यांची, व्हरांड्यातला दिवा गेला की नवा दिवा त्यांचा, चुना लावायची वेळ आली की शिडीवर तेच. आम्हा दोघा भावंडांच्या फीची ओढाताण चालू असायची आणि पप्पांचं देणं काही थांबायचं नाही. माझा भाऊ प्रशांत एकदा चिडून म्हणाला, "पप्पा, हे सगळं जातं कुठे, कधी विचारलंत का?"

"दर सभेला विचारतो की," पप्पा म्हणाले. "उत्तर मिळेपर्यंत द्यायचं थांबवू का?"

प्रश्न मात्र खरा होता. चर्चच्या पंचकमिटीत दोन तट पडले होते आणि दोघेही कोर्टात गेले होते. छपराचे पत्रे सडलेले. कुठल्या बाकावर पाणी पडतं हे सगळ्यांना पाठ झालं होतं. पाळकसाहेब उपदेश करता करता दोन पावलं डावीकडे सरकायचे, कारण ऐन पुलपिटावर धार लागायची. छपरासाठी वर्गणी झाली, पप्पांनी ऐपतीबाहेर दिली, आणि ती सगळी खटल्यात खर्च झाली. आई म्हणाली, "छप्पर झालं की तुमचं. फक्त ते वकिलाच्या बंगल्यावर झालं." त्यानंतर निम्म्या घरांनी देणं बंद केलं. पप्पांनी केलं नाही.

त्याच वर्षी प्रशांतला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. पुण्यात तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते आणि आमच्या चाळीत पहिल्यांदा कुणाच्या तरी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आलं होतं. प्रशांतने ठरवलं, पप्पांची जुनी स्कूटर एक्स्चेंजमध्ये द्यायची आणि त्यांना नवी मोटारसायकल घ्यायची. ती स्कूटर पप्पांनी लग्नाआधी नोंदवली होती आणि मी पहिलीत जायला लागले तेव्हा ती घरी आली. आता शोरूममध्ये पैसे भरले की त्याच दिवशी गाडी मिळत होती, याचंच पप्पांना केवढं आश्चर्य. ते सगळं ऐकून घेत आणि "बघू" म्हणत.

मग हंगामाचा सण आला. या रविवारी मंडळीतले लोक घरचं काहीबाही देवापुढे आणतात, उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. पुकारायला अर्थातच पप्पा. पण त्या वर्षी टेबल बघवत नव्हतं. दोन लाल भोपळे, उसाची मोळी, एक केक, संपलं. ते भराभर विकून पप्पा टेबलामागून निघाले, भिंतीला लावलेली स्वतःची स्कूटर ढकलत आणली आणि मधोमध स्टँडवर उभी केली.

"हे काय करतायत?" प्रशांत माझ्या कानाशी म्हणाला. आई मान उंचावून बघत होती.

"मंडळी," पप्पांनी यार्डातला आवाज काढला, "ही गाडी रुपयांत विकायची नाही. पत्र्यांत विकायची. ज्याची बोली लागेल त्याने तेवढे नवे पत्रे या अंगणात आणून उतरवायचे. पैसा कुणाच्या हातात द्यायचा नाही. माझ्याही नाही."

एका तटाचे पुढारी गायकवाड सर उठून म्हणाले, "ही पद्धत नाही."

"पद्धतीने तीन वर्षं गळतंय, सर," पप्पा म्हणाले.

कुणीतरी हसलं. आणि मागून दुसऱ्या तटाचे साळवे काका, तुरुंग खात्यातून निवृत्त झालेले, घसा खाकरून म्हणाले, "पाच पत्रे."

"पाच पत्रे, एकवार…"

"सहा," गायकवाड सर बसल्या जागेवरून.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. साळवे काका आठ म्हणाले, सर दहा म्हणाले. कोर्टात जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते आता एकमेकांकडेच टक लावून होते. पप्पा मध्ये उभे, एक हात इकडे, एक हात तिकडे, टाचा वर. रस्त्यावरचे लोक फाटकाशी जमले. बोली साळवे काकांवर थांबली तेव्हा अर्ध्या छपराचे पत्रे झाले होते. काका उठले आणि म्हणाले, "मला कुठे चालवता येते? चर्चला परत. पुन्हा पुकार."

पप्पांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. आता सरांना मागे राहणं शक्यच नव्हतं. उरलेलं अर्धं छप्पर त्यांनी एकट्याने अंगावर घेतलं. मागून एक गवंडी ओरडला, "मजुरी माझी." भाजीच्या गाडीवाल्या मावशी म्हणाल्या, "मग खिळे-हूक माझे." आणि सरांनी, घाम पुसत, स्कूटरची किल्ली पाळकसाहेबांच्या हातात दिली, कारण ते विश्रांतवाडीपर्यंतच्या घरभेटी सायकलवर करायचे.

घरी आल्यावर प्रशांत भडकला. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्या पहाटे यार्डात कसे जाणार?"

"बसने," पप्पा म्हणाले. "आणि अट तुझ्या आईची होती बरं. वर्षभर म्हणत होती, पैसा देऊ नका. म्हटलं, नाही देत पैसा."

"मला मध्ये घेऊ नका," आई म्हणाली. पण भवानी पेठेतून पत्र्यांचे टेम्पो आले त्या दिवशी तिने रजा काढली. फाटकात उभी राहून तिने एकेक पत्रा मोजून घेतला आणि एक पोचा आलेला परत पाठवला. नाताळच्या आत छप्पर झालं. खटला पुढे बरीच वर्षं चालला, पण कोरड्यात बसलेल्या मंडळीसमोर.

पप्पा बरेच महिने दोन बस बदलून यार्डात गेले. प्रशांत रागावून होता. मग एका संध्याकाळी तो हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल दारात लावून आत आला आणि किल्ली पप्पांपुढे ठेवली. पप्पांनी तिच्यावरून पहिली फेरी मारली ती चर्चपर्यंतच. प्रशांत आता अमेरिकेत असतो. दफनविधीला आला तेव्हा उपासना चालू असताना तो बराच वेळ वर बघत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मला अजूनही पटत नाही, सरू. पण असं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं." मला वाटतं, पप्पांना एवढं पुरलं असतं.

त्यांची एक सवय सांगायची राहिली. शनिवारी संध्याकाळी ते रविवारच्या शर्टाला इस्त्री करायचे, आणि इस्त्री गरम आहे तोवर अर्पणात टाकायच्या नोटेवरूनही फिरवायचे. चुरगळलेलं देऊ नये, एवढंच म्हणायचे. आई म्हणायची, "देवाला कडक घडी लागते वाटतं."

गेल्या शनिवारी मी आईकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत इस्त्रीचा वास येत होता. टेबलावर चादरीची घडी पसरलेली, शर्ट नाही, साडी नाही, फक्त एक नोट, आणि आई तिच्यावरून जपून इस्त्री फिरवत होती. मी दारातच थांबले.

"बघतेस काय?" ती म्हणाली. "त्या पंचांवर माझा अजून काडीचा विश्वास नाही."

आणि तिने नोट उलटली, दुसऱ्या बाजूने इस्त्री करायला.