मामाला कोथिंबीर आणायला पाठवलं

दोस्तहो, आज इचोड्यात माझे पाय गेले कामातून!

माझ्या मामाला अल्झायमर आहे. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चालवा. विसरलेलं परत येणार नाही, पण उरलंय ते जास्त दिवस टिकू शकतं. मामी मला म्हणाली, "तू तं तसाबी गावभर हिंडत राह्यते. यायलेबी सोबत ने."

दहा पावलं गेलो की कोणीतरी विचारायचं, "कुठं चालले, भाऊ?" मामा तर नुसताच चालायला निघालेला. बिनकामाचं आपल्याकडे कोण चालतं? लाजून मागे फिरायचा. तीनदा घरी परत!

चौथ्यांदा मी त्याच्या हातात पिशवी दिली. "मामा, कोथिंबीर आनाची हाय."

मामा ताठ झाला! कोणी विचारलं की जोरात, "कोथिंबीर आनाले!" मी जिलबी बघत थांबलो तर हा पार बाजारात.

घरी येऊन टेकलो, तर मामा पिशवी घेऊन दारात. "चाल भाचा, कोथिंबीर आनाची हाय नं?"

अशा तीन चकरा झाल्या. मी आडवा, मामा ताजा.

आता सांगा, तीन जुड्यांचं करायचं काय? मामी तर डोळे पुसत हसून राह्यली. म्हणते, "उद्या मेथी सांगजो."